मानाची पट्टी

बटाट्याच्या सहा सऱ्या उकरून झाल्या होत्या आणि सातवीत दाताळं घातलं होतं, तेवढ्यात गावच्या समितीचा शिपाई बांधावर येऊन उभा राहिला आणि काढणी थांबवा म्हणाला. थोरली गुडघ्यांवर बसून माती चाचपत होती. बोटांत बटाटा, नखांत माती, कमरेत कळ. तिला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. शिपायाने पुन्हा सांगितलं, यावेळी तिच्याकडे न बघता, कालव्याकडे बघत. मानाच्या पट्टीबद्दल तक्रार आली आहे. परवा सकाळी शाळेच्या पटांगणात बैठक. तोवर जमिनीला कुणी हात लावायचा नाही.

"आभाळालाही निरोप दिलाय का, परवापर्यंत थांब म्हणून?" थोरलीने विचारलं.

शिपाई म्हणाला, मी सांगकाम्या, मला कशाला विचारता. ते खरंच होतं, म्हणून तिला जास्त चीड आली. पश्चिमेला दोन दिवसांपासून राखेच्या रंगाचे ढग साचत होते. रेडिओ सांगत होता की चौथ्या दिवसापासून पाऊस धरेल आणि तीन दिवस सोडणार नाही. ओल्या मातीत बटाटा आठ दिवस राहिला की त्याचा नुसता लगदा होतो, हे शिपायालाही ठाऊक होतं. तो गेला. थोरलीने रागाने दाताळं जमिनीत असं हाणलं की ते एका धोंड्यावर आदळलं आणि चारातला एक दात खाडकन तुटला.

तो धोंडा तिथे उरलाच कसा, याचंच तिला नवल वाटलं. या दीड एकरातले धोंडे तिने आणि तिच्या नवऱ्याने दोन महिने वेचले होते. टोपल्या वाहून तिच्या खांद्याचं कातडं सोलून निघालं होतं. त्याआधी इथे काटेरी झुडपांशिवाय काही नव्हतं. कालव्याकाठची ही पट्टी गावाने फार पूर्वी, मागच्या मोठ्या लढाईनंतर, बाजूला काढून ठेवलेली. लढाईतून पदक घेऊन येईल त्याने ती कसायची, असा ठराव होता. आधीचा मानकरी म्हातारा होऊन वारला, मागे कुणी नव्हतं, आणि जमीन पडीक पडली. मग गेल्या वर्षी थोरलीचा दीर, घरातला धाकटा, पदक घेऊन आला.

तेव्हा गावाला काय करू नि काय नको असं झालं होतं. वेशीपासून घरापर्यंत बँड. धाकट्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं केलेलं, शाळेतली पोरं झेंडे घेऊन पुढे. पीठगिरणीचा मालक हाच समितीचा अध्यक्ष. तो तासभर बोलला, छातीवर झेललेल्या गोळ्यांबद्दल आणि रक्ताने भिजलेल्या मातीबद्दल. धाकट्याने दोनदा माइककडे हात नेला होता, काहीतरी सांगायचं होतं त्याला. दोन्ही वेळा गिरणीवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारून माइक आपल्याकडे ओढला. तू तिथे नेमकं काय करत होतास, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. त्यानंतरही नाही.

मग तीन आठवड्यांपूर्वी पेपरात फोटो आला. धाकट्याच्या तुकडीवरचा लेख होता. फोटोत तो एका खोलीत, फिरत्या खुर्चीत, कानावर हेडफोन, समोर चार पडदे. तो ड्रोन चालवायचा. लढाई तिथून चारशे कोसांवर. आणि कोपरापाशी चहाचा कप. गावाला खुर्चीपेक्षा तो कप जास्त लागला. चहाच्या टपरीवर तो पेपर आठ दिवस फिरत होता, कपावर बोट ठेवून ठेवून तिथला कागद काळा झाला. युद्धावर जाऊन चहा पितो म्हणे. जखम कुठे झाली? बसतो तिथे. धाकट्याची कंबर खरोखरच त्या खुर्चीत बसून गेलेली होती आणि डॉक्टरने त्याला पट्टा दिला होता, त्यामुळे हा विनोद काही शिळा होईना. गेल्या वर्षी न्हाव्याने त्याला रांग मोडून आधी घेतलं होतं. आता, तुला बसायची सवय आहेच, बस जरा, म्हणून बाकावर ताटकळत ठेवलं आणि मागून आलेल्या तिघांची दाढी आधी केली.

धाकटा यावर काही बोलायचा नाही, आणि थोरलीला सगळ्यात जास्त वैताग त्याचाच यायचा. तिशीचा गडी, कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप. शिवाय त्याची तऱ्हाच न्यारी. घरावर चढायचा नाही. पाण्याची टाकी साफ करायची तर शिडीला हात लावायचा नाही. कडब्याच्या गंजीवरही नाही. उंचावरून खाली माणसं बघवत नाहीत, एवढंच एकदा म्हणाला होता. मग टाकी कोण साफ करणार? थोरली. बाजाराला जाताना सरळ रस्ता सोडून कालव्याच्या कडेने मैलभर वळसा घालायचा, तोही वेगळाच. तिला वाटे, आळशी माणूस वळसा घालत नाही, हा घालतो. म्हणजे हा आळशी नाही, खुळा आहे.

घरी येऊन तिने शिपायाचा निरोप सांगितला. नवरा, थोरला, दोरी वळत बसला होता. तो म्हणाला, बैठक होऊ दे, बघू. बघू हा त्याचा लाडका शब्द. सासरे दाराशी उन्हात बसले होते. ते जुन्या लढाईतले, गाव त्यांना फौजी म्हणायचं. बर्फात दोन बोटं गेलेली, डावा हात कायम खिशात. पदक नाही मिळालं, म्हणून ही पट्टीही कधी मिळाली नाही. मुलाला मिळाली तेव्हा त्यांनी त्या जमिनीची मूठभर माती हुंगली होती. पेपरात फोटो आल्यापासून ते मुलाबरोबर जेवायला बसत नव्हते. निरोप ऐकून ते म्हणाले, देऊन टाका. आपली नव्हेच ती.

"देऊन टाका म्हणजे काय, मामंजी?" थोरली म्हणाली. "जमीन द्या हो. माझे बटाटे का द्या?"

ती भाकरतुकडा न खाता तशीच गिरणीवर गेली.

गिरणीत पट्ट्याचा खडखडाट होता. मालकाच्या भुवयांवर, कानांच्या केसांवर पीठ बसलेलं. ओरडून बोलावं लागत होतं, आणि भांडण ओरडून करावं लागलं की माणूस आधीच अर्धं हरतो. गिरणीवाला वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळ्यांकडून बरं म्हणवून घ्यायचं होतं. तो म्हणाला, वहिनी, माझं काही नाही, लोकांच्या भावना आहेत. मान म्हणजे काय खायची गोष्ट आहे का? थोरली म्हणाली, मान नसेल, बटाटा आहे. काढून घेऊ द्या, मग जमीन तुमची. तो म्हणाला, काढला की ताबा सिद्ध होतो, उद्या तुम्ही कोर्टात जाल. ती म्हणाली, कोर्टात जायला मला वेळ आहे का? मग त्याने चक्की बंद केली. एकदम शांत झालं. आवाज खाली आणून तो म्हणाला, खरं सांगू? ही पट्टी लोहाराला जायला हवी. त्याचा पोरगा गेला. अखेरच्या श्वासापर्यंत लढून गेला. एकाने जीव दिला आणि दुसऱ्याने बटणं दाबली, आणि जमीन बटणं दाबणाऱ्याला. हे गावाला बरं दिसतं का?

लोहाराच्या पोराचं नाव मध्ये आलं की कुणालाच बोलता येत नसे. बावीस वर्षांचा होता. शाळेच्या पटांगणात त्याच्या नावाचा लोखंडी फलक होता, अक्षरं बापानेच कापून बसवलेली. नावाखाली ओळ: अखेरच्या श्वासापर्यंत लढत वीरमरण. तिने तो फलक पाहिला की दरवेळी मान खाली घातली होती. आता त्याच फलकाने तिच्या बटाट्यांवर पाय ठेवला होता, आणि लोहारावर रागावताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुटलेलं दाताळं घेऊन लोहाराकडे गेली. जायचं जिवावर आलं होतं, पण सगळ्या गावात भट्टी एकच. लोहाराने दाताळं हातात घेतलं, तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला, धोंड्यावर हाणलंस का, एवढंच विचारलं. निखाऱ्यांवर वारा घालून त्याने लोखंड लाल केलं. त्याची बायको मागच्या दारात बसून घमेलं घासत होती. ती घमेलं केव्हाचं स्वच्छ झालेलं असूनही घासतच होती.

दात जोडून झाल्यावर दाताळं पाण्यात बुडवलं, वाफ उठली. वाफेच्या पलीकडून लोहार म्हणाला, "पोरी, मी जमीन मागितलेली नाही. तुझ्या कानावर काय आलं ते मला माहीत नाही. मी मागितलेली नाही."

थोरली म्हणाली, माहीत आहे काका. तिला खरं तर माहीत नव्हतं.

मग तो आत गेला आणि एक पत्र घेऊन आला. पोरगा गेल्यावर सैन्याकडून आलेलं. तिने वाचलं. शेवटी तीच ओळ होती, फलकावरची. लोहार म्हणाला, नदीपलीकडच्या गावातला एक सुतार आहे, त्याचाही पोरगा गेला. मी त्याला भेटायला गेलो. त्यानेही पत्र काढलं. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. नाव सोडलं तर शब्दाला शब्द तेच. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी.

"म्हणजे मला अजून माहीत नाही, पोरगा कसा गेला," लोहार म्हणाला. "तुझा दीर तिकडेच होता ना? वरून बघायचा म्हणे. वर्ष होत आलं, तो माझ्या दारावरून गेलेला नाही. मी काय खाणार आहे का त्याला?"

थोरली दाताळं खांद्यावर टाकून निघाली आणि चालता चालता तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. कालव्याकडचा वळसा. बाजाराचा सरळ रस्ता भट्टीवरून जायचा. घरी पोचेपर्यंत तिला इतका संताप आला होता की धाकटा गोठ्यात शेण ओढत होता तिथे जाऊन ती त्याच्यासमोर उभीच राहिली.

"भावजी, लोहाराच्या पोराचं तुम्हाला काय माहीत आहे?"

धाकट्याने खोरं खाली ठेवलं. बराच वेळ त्याने गाईच्या पाठीवरच्या माश्या बघितल्या. मग म्हणाला, "सगळं."

त्याने थोडक्यात सांगितलं. त्या दिवशी त्या भागावर त्याचंच यंत्र घिरट्या घालत होतं. वरून चेहरा दिसत नाही. पण महिन्याने नावांची यादी आली. जागा तीच, वेळ तीच, आणि त्या वेळी तिथे एकटाच माणूस गेला होता. थोरलीने विचारलं, मग आजवर सांगितलं का नाही? तो म्हणाला, फलक बघितलास ना, वहिनी. त्यावर लिहिलंय तसं काही झालं नव्हतं.

दारातून फौजींचा आवाज आला. ते केव्हापासून ऐकत होते कुणास ठाऊक. त्यांनी मुलाशी तीन आठवड्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि बजावलं, की उद्या बैठकीत लोहाराने विचारलं तर लढताना गेला म्हणायचं. बापाकडून तेवढं हिसकावून घेऊ नकोस. धाकट्याने खोरं उचललं. थोरलीला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

बैठकीला सगळं गाव होतं. शाळेचे बाक बाहेर काढले होते. ते पोरांच्या मापाचे, त्यामुळे मोठी माणसं गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसली होती. ढग आता अर्ध्या आभाळावर आले होते. थोरली बाकावर बसली नाही, उभीच राहिली, आणि दर थोड्या वेळाने वर बघत राहिली. गिरणीवाल्याने आज कपडे झटकले होते, तरी कानामागे पीठ राहिलंच होतं. त्याने प्रस्तावना केली. मास्तर बोलले, पूर्वीचा योद्धा शत्रूच्या डोळ्यांत डोळे घालून लढायचा, असं म्हणाले. मास्तरांनी आयुष्यात कोंबडी कापलेली कुणी पाहिली नव्हती. टपरीवरच्या एकाने त्यांना आडवं घेतलं, की आता लढाई अशीच असते, मी फोनवर रोज बघतो, आपला ड्रोन शंभरातला एक नंबर आहे. त्यावर दहा मिनिटं ड्रोनच्या जातींवर वाद झाला. थोरलीने मोजलं, एवढ्या वेळात अर्धी सरी झाली असती.

मग धाकट्याला उभं केलं. गिरणीवाल्याने विचारलं, तू कधी शत्रूच्या समोर उभा राहिलास का? नाही. तुझ्यावर कधी गोळी आली का? नाही. पदक कशाचं? धाकटा म्हणाला, कागदावर एकेचाळीस लिहिलंय. कुणाला कळेना, एकेचाळीस काय. तो म्हणाला, "माणसं. नंतर पण बघावं लागतं, किती हलतात ते. ते मोजून लिहायचं काम माझंच होतं."

टपरीवरच्या त्या माणसाने फोन खिशात घातला. गिरणीवाल्याला हे नको होतं. त्याला फक्त नाही, नाही, नाही एवढंच हवं होतं. त्याने घाईने ठराव वाचायला घेतला. मानाची पट्टी, उभ्या पिकासह, लोहाराच्या घराला देण्यात यावी. उभ्या पिकासह हे ऐकून थोरलीच्या कानशिलात रक्त चढलं. ती पुढे व्हायच्या आत लोहारच उठला.

त्याने ठरावाकडे बघितलंही नाही. धाकट्याला म्हणाला, "माझा पोरगा कसा गेला?"

गिरणीवाला म्हणाला, इथे नको, घरी बोला. लोहार म्हणाला, फलक इथे आहे, तर इथेच. धाकट्याने बापाकडे पाहिलं. फौजींनी मान हलवली, नको अशी. धाकट्याने नजर काढून घेतली.

"तो पाणी आणायला गेला होता, काका. दोन कॅन भरून परत येत होता. सकाळचे साडेनऊ. मी वर होतो, पण तेव्हा माझ्या यंत्राला फक्त कॅमेरा होता. त्यांचं लहान यंत्र आलं. त्याला आवाज ऐकू आला असणार. त्याने वर बघितलं आणि कॅन खाली ठेवले. टाकले नाहीत. ठेवले, पाणी सांडू नये म्हणून. मग हात हलवला."

"कसा?"

"गांधीलमाशी हाकलतात तसा."

लोहाराने काही वेळ आपल्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, लगेच गेला का? धाकटा म्हणाला, अकरा मिनिटं. जवळ कुणी होतं? एकजण सरपटत आला, शेवटची चार मिनिटं तो होता. कोण? माहीत नाही, काका. वरून कळत नाही.

बायकांच्या बाजूला लोहाराची बायको बसली होती. ती रडली नाही. ती शेजारणीला हळूच म्हणाली, एकटा नव्हता. मग तेच दुसऱ्या शेजारणीला म्हणाली.

लोहार गिरणीवाल्याकडे वळला आणि म्हणाला, फलकावरची ती ओळ काढायची आणि पाणी आणायला गेला होता असं लिहायचं. पटांगणात कुजबुज उठली. गिरणीवाला म्हणाला, अरे बाबा, असं कुणी लिहितं का? बाहेरगावची माणसं वाचतील. मास्तर म्हणाले, पुढच्या पिढीने काय आदर्श घ्यायचा? टपरीवरचा तो मघाचा माणूसही म्हणाला, काका, हे जरा कमीपणाचं दिसेल. ज्यांनी धाकट्याच्या चहाच्या कपाला नावं ठेवली होती, त्यांना आता मेलेल्या पोराचे पाण्याचे कॅनही चालेनात. थोरलीला वाटलं, या गावाला नक्की कसली लढाई हवी आहे?

"तहानलेल्यांना पाणी आणणं कमीपणाचं?" लोहाराने विचारलं. उत्तराची वाट त्याने बघितली नाही. तो घरी गेला, छिन्नी-हातोडा घेऊन आला, आणि बैठक बसलेलीच असताना फलकावरची ओळ एकेक अक्षर करून सोलायला लागला. अक्षरं त्याचीच होती, कुणाची अडवायची छाती झाली नाही. खण्ण खण्ण आवाजात गिरणीवाल्याने बैठक तहकूब झाल्याचं सांगितलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

थोरली तिथून थेट शेतात गेली. परवानगी ना बिरवानगी. नवरा मागून येत म्हणाला, अगं, ठराव अजून, बघू... ती म्हणाली, तुम्ही बघा, मी काढते. तासाभराने तोही दाताळं घेऊन शेजारच्या सरीत उतरला. धाकट्याने कमरेला पट्टा आवळला आणि पोती भरायला घेतली. आणि दुपारी फौजी आले. एक हात खिशात, दुसऱ्या हाताने बटाटे वेचायला लागले, टोपलीत न टाकता एकेक पुसून ठेवायला लागले.

थोरली म्हणाली, मामंजी, पुसत बसलात तर पाऊस येईल.

ते थांबले. मग सुनेला म्हणाले, आणि ते पलीकडे मुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "तुकडीत लिहिता येणारा मी एकटाच होतो, सूनबाई. ती पत्रं मीच लिहायचो. अखेरच्या श्वासापर्यंत. एका हिवाळ्यात साठेक लिहिली असतील. कोण हगवणीने गेला, कोण झोपेत गारठला. सगळे अखेरच्या श्वासापर्यंत लढले." त्यांनी एक बटाटा टोपलीत टाकला. "आमच्या वेळी वरून कुणी बघत नव्हतं, म्हणून लिहिता यायचं. याने बघितलं कशाला?"

धाकटा पोत्याचं तोंड शिवत होता. तो म्हणाला, मला बघायलाच ठेवलं होतं, बाबा. बापलेकांत एवढंच बोलणं झालं. त्या संध्याकाळी दोघे एका पंगतीला बसले, एकमेकांकडे न बघता जेवले, आणि फौजींनी मिठाची वाटी मुलाकडे सरकवली.

पाऊस एक दिवस उशिरा आला. शेवटच्या पाच सऱ्या राहिल्या आणि कुजल्या, बाकी माल घरात आला. थोरलीच्या दोन्ही हातांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. त्यांत ती दोन दिवस तेल भरत होती.

पाऊस उघडल्यावर समितीचा निर्णय शिपायाच्या हाती आला. लोहाराने जमीन नाकारली होती. धाकट्याकडे ठेवणं गावाला प्रशस्त वाटत नव्हतं. सबब मानाची पट्टी समितीच्या ताब्यात राहील आणि पुढील युद्धात शौर्य गाजवणाऱ्या पात्र व्यक्तीसाठी राखून ठेवली जाईल. थोरलीने तो कागद दोनदा वाचला. पुढील युद्धात. गिरणीवाल्याला भेटल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, तोवर काटे वाढतील, त्या पात्र माणसाला खुरपं घेऊन यायला सांगा. तो कसनुसा हसला आणि म्हणाला, वहिनी, सगळ्यांचं समाधान होईल असा मार्ग काढावा लागतो.

लोहाराच्या पोराच्या फलकावर आता नुसतं नाव आहे. खाली लोखंडावर ओरखडे. समितीने ते रंगवून घेतो म्हटलं, लोहार नको म्हणाला.

धाकटा हल्ली भट्टीवर जातो. पहिल्यांदा लोहारानेच बोलावलं होतं, मग ते रोजचंच झालं. वळसा संपला, पण घरचं काम खोळंबायला लागलं. थोरलीला हेही एक निस्तरणं आलं. टाकीला तर तिने आता दोर बांधून नवऱ्यालाच वर चढवलं.

एका दुपारी गाय व्यायला लागली, वासराचे पाय उलटे दिसत होते, आणि नवरा बाजाराला गेलेला. थोरली तणतणत भट्टीवर निघाली. आज याला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून. भट्टीच्या दाराशी पोचली तेव्हा हातोडा थांबलेला होता. धाकटा भात्यापाशी बसून दोरी ओढत होता. लोहाराने एक नाल निखाऱ्यात तसाच सोडला होता, तो पांढरा होत चालला होता.

"कोणत्या कुशीवर पडला होता?" लोहार विचारत होता.

"डाव्या."

मागच्या दारातून त्याची बायको म्हणाली, झोपायचा पण डाव्याच कुशीवर.

लोहाराने मान डोलवली. नाल बाहेर काढला, तो जळून कामातून गेला होता, तो त्याने बाजूला टाकला. मग धाकट्याला म्हणाला, "आता पहिल्यापासून सांग."

थोरलीने उघडलेलं तोंड मिटलं. ती तशीच मागे फिरली आणि बाह्या वर सरकवत घराकडे पळत सुटली. गाईचं आता तिलाच बघायचं होतं.